काळी वायर

छोटी सेहेचाळीस वर्षांची होती. केसांत पांढरे दिसायला लागून दहा वर्षं होत आली होती, पण घरात ती छोटीच राहिली, कारण तिच्या आधी दादा होता आणि तिच्यानंतर कुणी नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलात ती यंत्रं दुरुस्त करायची. सलाईनचे पंप, श्वासाची यंत्रं, ठोके दाखवणारे पडदे, जे बंद पडेल ते तळघरातल्या तिच्या टेबलावर येऊन पडायचं. त्या महिन्यात तिच्या जोडीचा माणूस आजारी पडला आणि छोटीने सलग अकरा दिवस काम केलं. बारावा दिवस रविवार होता आणि सुट्टीचा होता. दुपारपर्यंत झोपायचं, उठून काहीतरी पोटात ढकलायचं आणि परत झोपायचं, एवढाच तिचा बेत होता.

सकाळी सव्वासातला फोन वाजला.

"उठलीस का?" दादाने विचारलं.

"नाही."

"बरं. म्हणजे, गाडी बंद पडलीय गं."

"सुरू होत नाही?"

"सुरू होणं लांबच राहिलं. दिवा नाही, हॉर्न नाही, दारं उघडायचं बटणसुद्धा नाही. काल संध्याकाळी वहिनीने किल्ली फिरवली, टक्‌ असा आवाज झाला आणि खेळ खलास. मेकॅनिक रविवारचा फोन उचलत नाही. आणि तिचे पडदे डिकीत अडकलेत. उद्या आठला पोचवायचेत."

"तू काही केलं होतंस का गाडीला?"

मग दादा म्हणाला, "हॉर्न बदलला होता. दहाएक दिवसांपूर्वी. पण तो तर छान वाजत होता."

छोटीने डोळे मिटून घेतले. दादा विम्याच्या कचेरीत कागद तपासायचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या अपघातांचे अर्ज वाचून त्याच्या हाताला कधी काळं लागलं नव्हतं. पण वर्षभरापूर्वी कचेरीतल्या लोकांनी त्याला पान्यांचा संच भेट दिला आणि तेव्हापासून त्याला दुरुस्तीची अवदसा आठवली होती. व्हिडिओ बघून त्याने नळ बदलला, तेव्हा स्वयंपाकघरात घोटाभर पाणी साचलं. पंख्याच्या वायरी बदलल्या, तर पंखा उलटा फिरायला लागला, आणि दादाचं म्हणणं, फिरतोय ना, मग झालं. घरातल्यांनी त्याला काही म्हणणं सोडून दिलं होतं. छोटीही म्हणाली नाही. ती म्हणाली, "येते," आणि उठून वीज मोजायच्या मीटरची पिशवी शोधायला लागली.

दोन बस बदलून ती पोचली तेव्हा नऊ वाजले होते. आदल्या स्टॉपवर शेजारच्या बाईने तिला हलवून जागं केलं होतं, नाहीतर ती डेपोत गेली असती. दादाचं घर तळमजल्यावर होतं, समोर गाडीपुरती फरशी टाकलेली जागा. तिथे करड्या रंगाची दहा वर्षांची गाडी उभी होती, आणि तिच्या मागच्या दारातून वहिनीचे पाय बाहेर आले होते. मागची सीट आडवी पाडून, आत सरपटत जाऊन, वहिनी डिकीतून पडदे ओढून काढत होती. ती पडदे शिवायची. हे एका शाळेच्या सभागृहाचे होते, गडद लाल मखमलीचे, जुन्या चादरींत गुंडाळलेले, एकेक गठ्ठा चार वर्षांच्या पोराइतका जड.

"किती आहेत वहिनी?"

"चौदा." वहिनी धापा टाकत बाहेर आली. "पाच निघाले. उद्या टॅक्सी करीन म्हटलं तर एवढे मावायचे कुठे? चहा घेतेस?"

"आधी गाडी बघते."

खिडकीतून वडिलांचा आवाज आला. "कोण, छोटी?"

"हो अप्पा."

अप्पा खिडकीला लावलेल्या खुर्चीत बसले होते. बॉनेटपासून पाच पावलांवर. त्यांनी मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे हलवली आणि मग त्यांची नजर तिच्यावर येऊन टेकली. काचबिंदूने त्यांची बाजूची नजर खाऊन टाकली होती. समोरचं एवढंसं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं, आणि हवा तो माणूस त्या नळीत सापडेपर्यंत वेळ जायचा.

"दमलेली दिसतेस," ते म्हणाले.

"हो."

"गाडीला काय झालंय?"

"तेच बघायला आलेय."

अप्पांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि निवृत्त होताना त्याबद्दल मिळालेलं घड्याळ ते अजून मनगटावर बांधायचे, जरी त्याचे काटे त्यांना आता दिसत नव्हते.

छोटीने बॉनेट उघडलं. दादा शेजारी येऊन उभा राहिला, हातात दहा नंबरचा पाना घेऊन. तो तिने मागितला नव्हता.

तिने मीटरचं लाल टोक बॅटरीच्या एका खुंटीवर आणि काळं दुसऱ्या खुंटीवर टेकवलं. साडेबारा व्होल्ट. बॅटरी ठणठणीत होती. दोन्ही क्लॅम्प घट्ट होते.

"बॅटरी चांगली आहे. म्हणजे वीज आहे, पण गाडीपर्यंत पोचत नाही. हॉर्नला कुठून वायर घेतलीस?"

"फ्यूजच्या डब्यातून." दादाने लगेच सांगितलं. जरा जास्तच लगेच, पण त्या वेळी ते तिच्या लक्षात आलं नाही. "तिथेच काहीतरी झालं असणार. फ्यूज बघ ना सगळे."

"अर्थची वायर बघ गं," अप्पा खिडकीतून म्हणाले.

"अप्पा, ती बघतेय," दादा म्हणाला. "तुम्ही बसा."

छोटीच्या डोळ्यांवर झापड होती. ताज्या डोक्याने तिने विचार केला असता, की एक हॉर्नचा फ्यूज उडाल्यावर दिवे, कुलपं, रेडिओ असं सगळं एकदम जाणार नाही. पण दादा म्हणतोय तर बघू, असं करून ती बॉनेटखालच्या डब्यापाशी वाकली. मग स्टिअरिंगखालच्या डब्यासाठी ती ड्रायव्हरच्या जागी आडवी झाली, डोकं पेडलांपाशी आणि पाय बाहेर फरशीवर. एकेक फ्यूज चिमट्याने ओढायचा, उजेडात धरायचा, मीटर लावायचा, परत बसवायचा. बेचाळीस फ्यूज होते. बेचाळीसच्या बेचाळीस शाबूत. यात एक तास गेला आणि तिची मान आखडली. मागच्या दारातून वहिनी एकेक गठ्ठा ओढून घरात नेत होती आणि जाता येता नवऱ्याकडे बघत होती. बघत होती, बोलत नव्हती.

"सगळे चांगले आहेत," छोटी उठून बसत म्हणाली.

"परत एकदा बघतेस? एखादा राहिला असेल."

"दादा, मी अकरा दिवस काम करून आलेय."

वहिनीने चहा आणला. छोटी घराच्या पायरीवर बसून चहा प्यायली. तिच्या मागे दोन हातांवर अप्पांची खिडकी होती.

"हॉस्पिटलात फार काम आहे?" अप्पांनी विचारलं.

"आहे."

"जेवतेस का वेळेवर?"

"कधी कधी."

"मी पण नाही जेवायचो," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "अर्थ बघितलीस?"

तेव्हा कुठे तिला स्वतःचा राग आला. तळघरात वरच्या मजल्यांवरून यंत्रं यायची, आणि प्रत्येकाबरोबर येणारं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: आम्ही काही केलं नाही, आपोआप बंद पडलं. छोटी त्या वाक्यावर कधी विश्वास ठेवत नसे. आधी मीटर, मग माणसं. आणि आज भावाने बोट दाखवलं तिकडे ती निमूट तासभर फ्यूज मोजत बसली होती.

तिने कप खाली ठेवला. बॉनेटपाशी जाऊन मीटरचं लाल टोक बॅटरीच्या अधिक खुंटीवर टेकवलं, आणि काळं या वेळी दुसऱ्या खुंटीवर न लावता गाडीच्या उघड्या पत्र्याला लावलं. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या उणे खुंटीला जोडलेला असतो, म्हणून इथेही साडेबाराच यायला हवे होते. मीटरने शून्य दाखवलं. तिने दुसरीकडे खरवडून परत टेकवलं. शून्य.

"अर्थच नाहीये," ती म्हणाली. "बॅटरी आणि बॉडीचा संबंधच तुटलाय. दादा, जंपर केबल आहे?"

"दोन आहेत," दादा म्हणाला. तो प्रत्येक वस्तू दोन आणायचा. पण आणायला निघाला तो पाय ओढत.

तिने केबलचा एक चिमटा बॅटरीच्या उणे खुंटीवर लावला आणि दुसरा इंजिनाच्या लोखंडी कडीत अडकवला. चिमटा बसताच एक बारीक ठिणगी उडाली, चारही दारांची कुलपं खट्‌ करून हलली, आतला दिवा लागला आणि रेडिओवर कुणीतरी अर्ध्या वाक्यापासून हवामान सांगायला लागलं. वहिनीने जाऊन डिकीचं बटण दाबलं. डिकी सुळकन उघडली. आत एकच गठ्ठा उरला होता.

"आता उघडली," वहिनी म्हणाली. "तेरा काढून झाल्यावर."

छोटीला हसू आलं, पण दादा हसला नाही. काम झालं असं वाटायला हवं तिथे त्याचा चेहरा उतरला होता. तिने ते बघितलं. मग तिने बॅटरीची काळी वायर हातात धरली आणि तिच्या मागे मागे बोटं नेली. कारखान्यातून येते तशी ही वायर नव्हती. घरातल्या वायरिंगची काळी वायर होती, तीन पदर एकत्र वळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. दोन हातांवर जिथे त्या वायरने पत्र्याला मिळायला हवं होतं, तिथे ती मिळत नव्हती. ती एका रबरी भोकातून आत, गाडीच्या पोटात जात होती.

"हे काय आहे?"

दादाने खिडकीकडे बघितलं. मग तो उघड्या बॉनेटच्या आडोशाला आला, अगदी जवळ, आणि कुजबुजला, "तिथे हात लावू नकोस. तशीच जोडून दे कशीतरी. मी नंतर बघतो."

"काय बघतोस? हे आत कुठे जातंय?"

"हळू बोल."

ती हळू बोलली नाही आणि मोठ्यानेही बोलली नाही. ती परत ड्रायव्हरच्या जागी आडवी झाली आणि पेडलांच्या वरचं काळं कापड उचकटलं. आधी करपलेल्या प्लास्टिकचा वास आला. मग तो दिसला: पाण्याच्या पंपाला लावतात तसला एक पांढरा स्विच, दोन स्क्रूंनी पत्र्याला आवळलेला. त्याचं एक अंग वितळून ओघळलं होतं आणि आतली पट्टी काळीठिक्कर पडली होती. एक वायर त्यात येत होती, दुसरी निघून पत्र्याला जात होती. सेल्फ मारताना इंजिन जेवढी वीज ओढतं त्याच्या दहाव्या हिश्शालाही तो स्विच पुरा पडणारा नव्हता. इतके दिवस टिकला हेच नवल.

ती बाहेर आली. दादा आणि वहिनी दोघंही बॉनेटच्या आड उभे होते.

"सांगा ना आता तिला," वहिनी म्हणाली.

दादाने सांगितलं. बॉनेटमध्ये तोंड घालून, जणू इंजिनालाच सांगत असल्यासारखं. दीड महिन्यापूर्वी अप्पांनी दुपारी गाडी बाहेर काढली. वहिनी आत शिवत बसली होती, दादा कचेरीत. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका स्कूटरला घासत गेले. स्कूटरवर कुणी नव्हतं. अप्पा म्हणाले स्कूटर चुकीच्या जागी लावली होती. त्यानंतर आठवड्याने परत नेली. शाळा सुटायची वेळ होती. डॉक्टरने तर स्वच्छ सांगितलं होतं की यांनी आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही, पण ते सांगितलं होतं दादाला बाजूला घेऊन, बाहेर, अप्पा आत डोळ्यांत थेंब घालून घेत होते तेव्हा.

"आणि तू अप्पांना सांगितलं नाहीस."

"किल्ली लपवली. तर त्यांनी दिवसभर सगळं घर धुंडाळलं. जेवले नाहीत. शेवटी रात्री मीच ती धुण्याच्या मशीनमध्ये सापडली असं दाखवून परत केली." दादाने हाताची बोटं पुसली, ती स्वच्छ होती तरी. "मग म्हटलं स्विच बसवू. वहिनी पडदे पोचवायला निघताना चालू करते, परत आली की बंद. त्यांना वाटेल गाडीच बिघडली. नऊ दिवस नीट चाललं."

"तुम्ही पण यात, वहिनी?"

"मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय, सरळ सांगा," वहिनी म्हणाली. "पण मी सून. मी सांगितलं तर हिने गाडी बळकावली असं होईल."

"मी अर्ज वाचतो गं तसले," दादा म्हणाला. "रोज वाचतो. म्हातारा ड्रायव्हर, पोर मध्ये आलं. मला सगळं माहितीय. पण तोंड उघडत नाही माझं." मग त्याने मान वर केली. "तू सांगतेस का? तुझं ऐकतात ते."

हे येणार हे छोटीला मघापासून ठाऊक होतं. या घरात वाईटपणा घ्यायची वेळ आली की छोटीला बोलावणं यायचं. आईचा रिपोर्ट आला तेव्हा आईला सांगितलं छोटीने. जुनं घर परवडत नाही, सोडायला लागेल, हे अप्पांना सांगितलं छोटीने. काकांना, की आता दर शनिवारी दारू पिऊन आमच्याकडे यायचं नाही, तेही छोटीनेच. दादा प्रत्येक वेळी दाराशी उभा असायचा, मान खाली घालून, आणि नंतर सगळ्यांना पाणी आणून द्यायचा. लोक म्हणायचे मुलगा फार सालस आहे आणि मुलगी जरा तिखट.

तिला एकाएकी इतका थकवा आला की गाडीच्या कडेला टेकून तिला उभं राहावं लागलं.

"नाही," ती म्हणाली. "गाडी मी करून देते. सांगायचं तू."

"छोटी..."

"मी रागाने म्हणत नाही दादा. माझ्यात आता तेवढं उरलेलं नाही, एवढंच. मूळची वायर कुठे आहे?"

"चपलांच्या कपाटात."

"आण. आणि मग आत जा."

दादाने वायर आणली. जाडजूड, दोन्ही टोकांना तांब्याचे कान असलेली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेली. तो काही फेकून देत नसे, हे एक बरं होतं. ती तिच्या हातात देऊन तो थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग घरात गेला.

छोटीने जंपर काढला आणि वितळलेला स्विच स्क्रू काढून फरशीवर टाकला. दादाची वायर उपसून काढताना चिकटपट्टीचा डिंक तिच्या बोटांना लागला आणि गेला नाही. पत्र्यावरची जागा तिने पॉलिश कागदाने घासून चकचकीत केली. या सगळ्यात तिच्या कानावर खिडकीतून शब्द पडत होते, तुटक तुटक. दादा आधी हॉर्नबद्दल बोलला. मग डॉक्टरांबद्दल. मग म्हणाला, "अप्पा, ती स्कूटर," आणि थांबला. मग बराच वेळ दादाचाच आवाज येत राहिला, खाली, एका सुरात. एकदा तो चिरकला. अप्पांचा आवाज आलाच नाही.

तिने शेवटचा नट आवळला. किल्ली न फिरवता ती पायरीवर बसून राहिली.

दार उघडलं. अप्पा बाहेर आले. त्यांनी आधी चौकटीला हात लावला, मग भिंतीला, मग पायरी पायाने चाचपली. दादा मागे होता, डोळे लाल झालेले. अप्पा छोटीच्या बाजूने जाऊन गाडीच्या बॉनेटपाशी उभे राहिले आणि पत्र्यावर तळहात ठेवला.

"मागच्या मंगळवारी मी किल्ली फिरवली होती," ते म्हणाले. "काही झालं नाही. बुधवारी सकाळी सून गाडी घेऊन गेली. गुरुवारी दुपारी परत फिरवली. काही नाही. शुक्रवारी सकाळी परत गाडी गेली. मी एकतीस वर्षं गाडी चालवली. मला काय वाटेल?"

त्यांनी मान वळवून दादाला नजरेत शोधलं.

"वाट बघत होतो, कोण सांगतंय ते."

"मी आधीच सांगायला हवं होतं अप्पा," दादा म्हणाला.

"हवं होतं."

"मी किल्ली मागितली असती तर तुम्ही दिली असती का?"

अप्पांनी विचार केला. "नसती दिली," ते म्हणाले. "भांडलो असतो. पण तू मागायला हवी होतीस."

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, हातात मखमलीचं टोक, सुई त्यातच टोचलेली. अप्पांनी बॉनेटवरून हात फिरवत फिरवत बॅटरीपर्यंत नेला आणि बोटांनी नवी बसवलेली वायर, नट, घासलेली जागा सगळं तपासलं.

"घट्ट आहे," ते छोटीला म्हणाले. मग दादाकडे वळले, म्हणजे आवाजाच्या दिशेने वळले. "अर्थच्या मुख्य वायरीत पंपाचा स्विच घालतात का रे? आग लागली असती. सून बसली होती आत."

दादाने मान खाली घातली.

"गाडी अडवायची तर सेल्फला जी बारीक वायर जाते ती तोडायची, आणि त्यात स्विच घालायचा. तिच्यातून वीज किती, नखाएवढी. हा असला स्विचसुद्धा जन्मभर चालेल. दिवे लागतील, हॉर्न वाजेल, दारं उघडतील. फक्त सुरू होणार नाही." ते थांबले. "कळलं का छोटी? तुला जमेल ते."

"जमेल. पण अप्पा, आता त्याची गरज काय? तुम्हाला कळलंय."

"कळलंय आत्ता," अप्पा म्हणाले. "दुपारी सून मशीनवर असते, मी एकटा असतो. चार भिंती असतात आणि किल्ली असते. मला माझा भरवसा नाही." ते सगळं त्यांनी रस्ता सांगावा तसं, सरळ आवाजात सांगितलं. "मी आत जातो. कुठे बसवला ते मला सांगायचं नाही. सुनेला सांग."

ते आले तसे भिंतीला हात लावत आत गेले आणि जाताना त्यांनी खिडकी लोटून घेतली.

दुसरा स्विच दादाकडे होताच. बारीक वायर शोधायला छोटीला पाऊण तास लागला, कारण तिच्यासारख्याच रंगाच्या आणखी दोन होत्या आणि चुकीची तोडून चालणार नव्हतं. दादा टॉर्च धरून बसला. या वेळी त्याने हलवला नाही, काही सुचवलं नाही. स्विच तिने असा बसवला की माहीत असलेल्या माणसाला बसल्या बसल्या बोट पोचावं आणि माहीत नसलेल्याला ते सुचू नये. वहिनीला तिने तीन वेळा चालू बंद करून दाखवलं. मग वहिनीने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. लोटलेल्या खिडकीआड काही हालचाल झाली नाही.

चौदा गठ्ठे परत डिकीत भरायला चौघांची ताकद लागली असती, होते तिघं. शेवटचा गठ्ठा ठेवून दादा तिथेच डिकीच्या कडेवर बसला.

"तुझी सुट्टी गेली," तो म्हणाला.

"गेली."

"मी सांगितलं म्हणजे, नीट नाही सांगता आलं मला. मध्येच रडलो."

"ऐकू आलं."

"अप्पांनी रुमाल दिला. स्वतःचा." त्याने खिशातून काढून दाखवला, जणू तिला खरं वाटणार नाही. "म्हणाले, आता पुढचं बोल."

छोटी त्याच्या शेजारी बसली. भूक लागली होती, पण उठून आत जाण्याइतकी नव्हती. ती म्हणाली, "पंखा कुठला उलटा फिरतोय? आता आलेच आहे तर."

"राहू दे," दादा म्हणाला. "तू पड जरा आत. मी तुला सोडायला येतो."

ती आत जाऊन वहिनीच्या शिलाई मशीनशेजारच्या दिवाणावर आडवी झाली. उरलेल्या मखमलीचे तुकडे तिथेच होते, ते तिने उशाला घेतले, आणि तिला कुणी उठवेपर्यंत बाहेर दिवे लागले होते.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, ती तळघरात एक उघडलेला पंप पुढ्यात घेऊन बसली होती तेव्हा वहिनीचा फोन आला. आवाज दबका होता.

"कामात आहेस?"

"बोला. गाडी चालतेय ना?"

"गाडी चालतेय. काल दुपारी अप्पा जाऊन बसले होते तिच्यात. मी मशीनवर होते, हॉर्न ऐकला म्हणून उठले. खिडकीतून बघितलं तर किल्ली फिरवत होते. दोनदा, तीनदा. मग नुसते बसले, हात स्टिअरिंगवर."

छोटीने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मग?"

"मी जाणार होते. पण तेवढ्यात हे आले. दुपारी दोनला, कचेरीतून. कालपासून रोज अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीय, मला आधी सांगितलंसुद्धा नव्हतं. हे गाडीपाशी गेले आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले."

"दादा काय म्हणाला त्यांना?"

"कुणास ठाऊक," वहिनी म्हणाली. "चांगले अर्धा तास बसले होते दोघं. काचा वर होत्या, मला काही ऐकू आलं नाही."